वस्तादाच्या हातचा चेंडू

अकोला, २७ ऑगस्ट १९३८

पोळा आटोपला आणि आजपासून मी पगारी माणूस झालो. वकिलाचा कारकून नाही, शाळामास्तर नाही, खेळाडू! चेंडू खेळण्याचा आणि खेळवण्याचा पगार घेणारा दुसरा माणूस सबंध वऱ्हाडात असेल तर मला दाखवावा. ही वही त्यासाठीच आणली. पुढे कोणी विचारलं की इकडे बास्केटबॉल कोणी रुजवला, तर उत्तर लेखी असलेलं बरं.

नेमणूक मोर्णा क्लबाची. क्लबाचे चिटणीस वामनराव वकील. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या जिनाच्या मालकांच्या मागे लागून लागून त्यांनी जिनामागची मोकळी जागा मैदानासाठी मिळवली आहे. अट एकच. नागपूरचा संघ गेली तीन वर्षं प्रांताची ढाल घेऊन जातो, ती या वर्षी अकोल्याला यायला हवी. नाही आली तर मैदानावर पुन्हा कापसाच्या गाठी रचल्या जातील आणि मी परत अमरावतीला, वडिलांसमोर. करारात ‘शिकवील आणि स्वतः खेळेल’ हे शब्द मीच आग्रहाने घालून घेतले. मद्रासच्या व्यायाम कॉलेजात दोन वर्षं सांबार-भात खाल्ला तो काय कडेला उभं राहून शिट्टी फुंकायला?

वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. निघताना म्हणाले, “तुझ्या खुशालराव वस्तादानं जन्मभर तालीम चालवली, पण कोणाकडून कधी काही घेतलं नाही. आणि तू पुजाऱ्याच्या घरचा मुलगा, खेळाचा पगार घेणार?”

मी म्हटलं, “तुम्ही पूजेची दक्षिणा घेताच की!”

त्यावर आईने मला घाईघाईने दाराबाहेर काढलं, म्हणून गाडी तरी मिळाली.

५ सप्टेंबर

काळ्या मातीवर चेंडू उसळत नाही, हे मला कोणी मद्रासला सांगितलं नव्हतं. पावसात तो रुतून बसतो आणि उन्हाळ्यात म्हणे भेगेत जाईल. मग माती उपसली, मुरूम टाकला, रूळ फिरवला आणि वरून खळ्यासारखं शेणाने सारवून घेतलं. आता चेंडू कसा टणाटण उसळतो! सेमाडोहकडच्या सागाच्या फळ्या आल्या, लोहाराने कड्या ठोकल्या. जिनातली माणसं या खेळाला ‘टोपलं’ म्हणतात. म्हणोत बापडी.

पोरं मात्र मनाजोगी मिळाली. बहुतेक शेतकऱ्यांची, कोणी इथे शिकायला आलेली, कोणी जिनात कामाला. लहानपणापासून सगळी आपापल्या गावच्या तालमीत घुमलेली. जानराव तेल्हाऱ्याचा, ताडमाड उंच, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, पण हात असे की चेंडू संत्र्यासारखा धरतो. चंद्रभान अंगाने दांडगा. पुंजाराम सगळ्यांत बुटका, जिनात सरकी वाहतो आणि वाऱ्यासारखा पळतो. मैदानात पाय ठेवण्याआधी सगळी जमिनीला हात लावतात, तो कपाळाला लावतात आणि मग माझ्या पाया पडतात.

मी म्हटलं, “अरे, ही काय कुस्तीची तालीम आहे? मला कोच म्हणा.”

जानराव मान खाली घालून म्हणाला, “ते आमाले जमत नाई जी. आमी वस्तादच म्हनतो.”

मी रागावल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

१८ सप्टेंबर

कुंदा पातूरहून, माहेराहून आली. जिनाच्या बाजूलाच घर मिळालं आहे, ओसरीवरून मैदान दिसतं. संध्याकाळी तिला दाखवायला म्हणून मी एकटा एकीकडे आणि पाच पोरं दुसरीकडे असा डाव लावला. म्हटलं, माझ्याकडून चेंडू घ्या. मी टिप्पे देत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, आलो, पुन्हा गेलो. एकाच्याही हाती चेंडू लागला नाही. तिशी उलटली तरी पायात वीज आहे म्हणायची.

घरी आल्यावर कुंदाने विचारलं, “मग? घेतला का कोणी चेंडू?”

“कोणाची छाती आहे?” मी म्हटलं.

ती हसली. नवऱ्याचा पराक्रम बघून कोणत्या बायकोला आनंद होणार नाही?

दसरा

सकाळी पोरांनी चेंडूला हळदकुंकू वाहिलं. चामड्याला कुंकवाचे डाग पडले म्हणून मी ओरडणार होतो, पण त्यांचे चेहरे बघून गप्प बसलो. सगळ्यांनी सोनं दिलं, पाया पडले. अमरावतीची तालीम आठवली.

असाच दसरा होता, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. खुशालराव वस्तादांनी मला लाल मातीत बोलावलं. मी तेव्हा ऐन भरात आणि वस्तादांचा गुडघा दुखरा. तालमीचा रिवाज असा की वस्ताद बोलावतील तर त्यांच्याशी झुंजायचं, पण त्यांची पाठ मातीला लावायची नाही. माझा हात त्यांच्या मानेवर असा पक्का बसला होता की आणखी थोडा रेटा दिला असता तर वस्ताद गेलेच होते. मी हात ढिला सोडला. त्यांनी मला पाडलं, पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन तालमीभर नाचवलं. कोणालाही कळलं नाही, वस्तादांनाही नाही. एवढी अदब आम्हांला होती. आजकालच्या पोरांना वस्तादाची पाठ लावायची संधी मिळाली तर ती कुठली सोडतात!

१३ नोव्हेंबर

खामगावच्या संघाला चारीमुंड्या चीत केलं. निम्म्याहून अधिक गोल माझे. समोरची मंडळी नवशिकी होती हे खरं, पण नवशिक्यांनाही हरवावं लागतंच. वामनरावांनी पेढे वाटले आणि चारचौघांत मला ‘वऱ्हाडचा वाघ’ म्हणाले. मी नको नको म्हटलं, पण फार जोराने नाही.

कुंदाचं एक निरीक्षण लिहून ठेवतो. ती म्हणाली, “सरावात तुम्ही चेंडू घेऊन निघालात की पोरं कशी बाजूला होतात, पाहिलंत? पालखी आली की माणसं वाट देतात ना, अगदी तशी.”

मी म्हटलं, “वेगच तसा असतो माझा.”

“हो का?” एवढंच म्हणून ती आमटी ढवळायला लागली. तिला खेळातलं फारसं कळत नाही, पण डोळा चांगला आहे.

११ डिसेंबर

नागपूरचा संघ दोस्तीचा सामना खेळायला आला होता. हरलो.

चेंडूची शिवण एका बाजूने उसवली होती. ऊन डोळ्यांवर होतं. माझ्या बुटाचा तळ सारवणावर घसरत होता. हे सगळं खरं आहे आणि वामनरावांना मी ते सांगितलंही.

त्यांच्यात गोपाळकृष्ण नावाचा एक काडीपैलवान आहे. तोही मद्रासचा, माझ्यानंतर दोन वर्षांनी त्याच कॉलेजातून निघालेला. मी डावीकडे वळलो की हा कुठूनसा यायचा आणि चेंडू घेऊन जायचा. एकदा झालं, योगायोग म्हटलं. दुसऱ्यांदा झालं. पुढे तर प्रेक्षकांतून आधीच “गेला, गेला!” ऐकू यायला लागलं. माझ्या मैदानावर, माझ्या बायकोसमोर!

आज कुंदाने काही विचारलं नाही.

१२ डिसेंबर

अंग दुखतंय. पोरांना फैलावर घेतलं. म्हटलं, तुमच्यात दम नाही, मी एकटा कुठे कुठे पुरा पडू? कोणी वर पाहिलं नाही.

१६ डिसेंबर

आजचं लिहावं की नाही, असं झालं होतं. पण वही खरं लिहायला घेतली आहे.

सराव नेहमीसारखा चालला होता. मी चेंडू घेऊन निघालो. चार दिवसांपासून गुडघा धरलेला, त्यामुळे पळणं दूरच, जवळजवळ चालतच होतो. समोर जानराव. त्याने हात पसरले आणि मागे सरला. पुंजाराम आला, तोही सरला. मी मुद्दाम आणखी हळू झालो. इतका हळू की एखाद्या म्हातारीने येऊन चेंडू नेला असता. कोणी नेला नाही. चंद्रभान तर चक्क बाजूला होऊन उभा राहिला, जाऊ दिलं मला.

मी चेंडू काखेत मारला. “जानराव, इकडे ये. चेंडू का घेतला नाहीस?”

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला.

“बोल!”

“वस्तादाच्या हातचं कसं हिसकावू जी?” तो म्हणाला. “पाप लागन ना.”

“म्हणजे आजवर कधीच...?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पुंजाराम म्हणाला, “तुमी चांगलंच खेयता वस्ताद. पन आमी तुमच्या हाताले हात लावत नाई.”

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, हा माझा हुकूम आहे, घे चेंडू! जानराव पुढे आला, दोन बोटं चेंडूला लावली आणि तीच बोटं कपाळाला लावून मागे गेला. नमस्कार केला गाढवाने! मी सगळ्यांना हाकलून दिलं.

पायात वीज आहे म्हणे. मागे मी या वहीत काय काय लिहून ठेवलं आहे ते आज वाचलं. कान गरम झाले. कुंदाला सांगितलं तर म्हणाली, “पालखीचं म्हटलं होतं मी.”

२९ डिसेंबर

सक्ती करून पाहिली, लालूच दाखवून पाहिली, काकुळतीला येऊन पाहिलं. एकमेकांकडून चेंडू हिसकावताना ही पोरं एकमेकांची कोपरं फोडतात. माझ्यासमोर आली की सोवळ्यात असल्यासारखी. आणि मला अडवायला जो शिकला नाही, तो त्या गोपाळकृष्णाला काय अडवणार? आम्ही दोघं एकाच कॉलेजातले, एकाच साच्यातले. वळणंही तीच.

ढाल जाईल, मैदान जाईल. या सारवलेल्या जागेवर गाठी रचलेल्या डोळ्यांसमोर येतात.

अमरावती, १४ जानेवारी १९३९

संक्रांतीला घरी आलो. तिळगूळ द्यायला नागपुरी गेटाजवळ खुशालराव वस्तादांकडे गेलो. सत्तरी गाठली आहे, तरी पाठ ताठ. उन्हात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी त्यांना सगळी रड ऐकवली. म्हटलं, “वस्ताद, अदब समजू शकतो मी. आम्हीही पाळली. पण अदबीपायी खेळच बुडायला लागला तर?”

ते शेंगा सोलतच राहिले. मग म्हणाले, “तुले तो दसरा याद हाये का हरी?”

“कोणता?”

“नाटक नको करू. तुया हात माया मानेवर होता. मी गेलोच होतो. अन् तू हात सोडला.”

माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. “तुम्हाला कळलं होतं?”

“काहून नाई कयनार? माती खाल्ली ना मी तिथं सारा जनम.” त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. “पोरायनं मले खांद्यावर घेऊन नाचवलं. लय वंगाळ वाटलं बापा मले. बायकोले म्हटलं, हे पोट्टं मले पाडू शकत होतं. मीच त्याले शिकवलं होतं, मले पाहाचं होतं मायं शिकवनं किती पानी धरते ते. अन् यानं मायावर दया केली.”

“दया नव्हती वस्ताद. तो रिवाज...”

“रिवाज असन. पन त्या दिवसापासून मी कोनाले मातीत बोलावलं नाई.”

हे खरं होतं. त्या दसऱ्यानंतर वस्ताद पुन्हा कधी मातीत उतरले नाहीत. आम्ही पोरं म्हणायचो, गुडघा दुखतो.

मी त्यांच्या पाया पडून निघालो. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्या गोष्टीपायी छाती फुगवून फिरत होतो.

अकोला, १७ जानेवारी

आज झालं!

गाडीत विचार करत बसलो होतो. पोरं माझ्या पाया पडून खेळाला लागतात. ज्याच्या पाया पडलं त्याच्या हातचं हिसकावणार कसं? तालमीत पाया पडतात ते वस्तादाच्या. जोडीदाराशी हात मिळवतात. आणि जोडीदाराने शड्डू ठोकला तर तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर साऱ्या तालमीची मान खाली जाते. हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

संध्याकाळी पोरं आली. जानराव वाकला, मी पाय मागे घेतले. तो पुन्हा वाकला, मी आणखी मागे सरलो. गळ्यातली शिट्टी काढून खांबाला टांगली, सदरा काढला, मैदानाच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की जिनातली माणसं बाहेर आली.

“जानराव तेल्हारेकर! ये.”

त्याचा चेहरा पडला. चंद्रभान म्हणाला, “वस्ताद, हे काय करून राहिले तुमी?”

मी दुसऱ्यांदा शड्डू ठोकला. जिनातल्या माणसांत कुजबुज सुरू झाली. जानरावाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मंग राग नाई धरनार ना?” असं हळूच विचारलं.

“तू नाही आलास तर धरीन.”

तो आला. मी हात पुढे केला, त्याने मिळवला. त्याचा तळवा घामाने भिजला होता. मग त्याने स्वतःच्या मांडीवर शड्डू ठोकला आणि मला बरं वाटलं, कारण तो नुसता आवाज नव्हता.

मी चेंडू घेऊन निघालो आणि पहिल्याच झटापटीत त्याने मला आडवा केला. सगळी पोरं “वस्ताद, वस्ताद” करत धावली. मी ओरडलो, “उचलू नका मला! पुन्हा!” पुन्हा निघालो. उजवीकडे हूल दिली, डावीकडे वळलो, चेंडू वळणावर थोडा उंच उसळला आणि तेवढ्यात हात रिकामा. चेंडू जानरावाकडे. मी वळून पाहीपर्यंत तो तीन टिप्पे पुढे गेला होता.

तिथे तो थांबला. काय करावं त्याला सुचेना. परत आला आणि चेंडू दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, माझ्यापुढे धरला.

“गधड्या, मला काय देतोस? टोपलीत टाक!”

तेव्हा कुठे पुंजाराम खिदळला आणि मग सगळेच हसले. त्यानंतर रांग लागली. चंद्रभान, पुंजाराम, एकेकाने हात मिळवला आणि एकेकाने मला लुटलं. पुंजाराम सगळ्यांत वाईट. तो माझ्या काखेखालून येतो, आला कधी नि गेला कधी कळत नाही. नेहमी त्या डाव्या वळणावर.

क्षणभर मनाला लागलं, खोटं कशाला लिहू? वऱ्हाडचा वाघ पाठीवर पडून आभाळ बघत होता. पण जानराव चेंडू घेऊन गेला तेव्हाची त्याची पावलं, ती हूल, तो हात, सगळं माझंच होतं, माझ्यापेक्षा चांगलं. हे कोणी शिकवलं? मी शिकवलं!

२ फेब्रुवारी

वामनरावांशी कडाक्याचं वाजलं. मी त्यांना सांगितलं की अमरावतीला होणाऱ्या ढालीच्या सामन्यांत मी खेळणार नाही, पहिल्या पाचांत माझी जागा नाही.

“हरिहरपंत, शुद्धीवर आहात ना?” ते म्हणाले. “मालकांना मी तुमचं नाव सांगितलंय. करारात खेळेल असं आहे आणि ते तुम्हीच घालून घेतलंय.”

“मी खेळलो तर आपण हरू.”

“आणि नाही खेळलात आणि हरलो तर? मालक म्हणतील, पगारी खेळाडू काठावर बसवून ठेवला. मैदान तर जाईलच, वर माझं तोंड काळं.”

“तर मीही जाईन. पण संघ मी निवडणार.”

ते टोपी घालून निघून गेले. टोपी माझी होती. उद्या मागायला हवी.

कुंदा म्हणाली, “काठावर बसवेल का तुम्हाला?” त्यातून त्या सामन्यांचा नियम असा की बाहेर बसलेल्याने खेळ चालू असताना अवाक्षर काढायचं नाही. मला! अवाक्षर!

अमरावती, १९ फेब्रुवारी

ढालीचा सामना काल झाला. काल लिहिणं शक्यच नव्हतं. घरात चौदा माणसं, वांग्याची भाजी, रोडगे आणि आरडाओरडा.

कालचं सांगतो. समोर नागपूर, गाव माझं आणि मी कडेच्या बाकावर. कोटाच्या आत संघाचा सदरा घातला होता. न घालता यायला हवं होतं, पण नाही जमलं. पहिल्या रांगेत खुशालराव वस्ताद आणि, डोळ्यांवर विश्वास बसेना, त्यांच्या शेजारी वडील, डोक्यावर छत्री धरून. दोघांची ओळख माझ्यामुळेच, तीही तक्रारीपुरती.

पोरं चांगली खेळली. पुढे गेलो, मागे पडलो, बरोबरी झाली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. तोंड उघडायचं नाही म्हणून उपरण्याचं टोक दातांत धरलं होतं, ते कुंदा म्हणते मी चावून टाकलं.

शेवटची काही मिनिटं उरली आणि चंद्रभानचा चौथा अपराध झाला, चार झाले की खेळाडू बाहेर. बाद. शिट्टी वाजली, तो मान खाली घालून बाहेर आला. आणि सगळीकडून ओरडा सुरू झाला, “हरिहर! हरिहर!” अंबागेटाकडची पोरं, माझे जुने तालीमवाले, सगळे. वामनराव माझ्या मागे येऊन उभे राहिले. नुसता खांद्यावर हात ठेवला. मी कोटाची वरची गुंडी काढली होती, हेही लिहून ठेवतो.

मग मी बाकावर शेजारी बसलेल्या पुंजारामकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे गोपाळकृष्णावर होते, त्या डाव्या खांद्यावर, जसे महिनाभर माझ्यावर असायचे.

“पुंजाराम, तू जा,” मी म्हटलं.

ओरडा एकदम बसला. कोणीतरी शिवी दिली. वडिलांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, त्यांना हळू बोलता येतच नाही, “हरी का उठत नाही हो? पगार घेतो ना?”

खुशालराव वस्ताद म्हणाले, “शास्त्रीबुवा, चूप बसा अन् पाहा. पाचही त्याचेच हायत.”

गोपाळकृष्ण चेंडू घेऊन निघाला. उजवीकडे हूल, डावीकडे वळण, चेंडू जरासा उंच. मी उपरणं चावलं. पुंजाराम त्याच्या काखेखालून निघाला तेव्हा चेंडू त्याच्याकडे होता. पुढे जानराव सुटलेला. पुंजारामने फेकला, जानरावाने एका हाताने झेलला, संत्र्यासारखा, आणि त्या वेळी त्याने मागे वळून कोणाकडे परवानगी मागितली नाही. टोपलीत टाकला.

त्यानंतर नागपूरला चेंडू नीट मिळालाच नाही. ढाल आमची! अकोल्याचं मैदान राहिलं. वामनराव मला मिठी मारून रडले आणि वर म्हणाले, “मी आधीपासून हेच म्हणत होतो.” म्हणोत. माझ्या टोपीचाही घोळ अजून मिटलेला नाही.

पोरं धावत आली, पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले आणि हात पुढे केला. जानरावाने हात मिळवला तो असा करकचून की अजून बोटं दुखतात.

मग मी खुशालराव वस्तादांकडे गेलो. आयुष्यभराची सवय, वाकलो. त्यांचे पाय तिथे नव्हते. वर पाहिलं तर वस्ताद पाय मागे घेऊन उभे होते आणि त्यांचा हात माझ्यापुढे होता.

“मिळव,” ते म्हणाले.

मी मिळवला. वडील छत्री मिटून दुसरीकडे बघत होते, पण त्यांचं उपरणं डोळ्यांशी होतं.

आज सकाळी परगावची मंडळी पांगली. पोरांना राहवेना, रिकाम्या मैदानावर मला ओढून नेलं आणि पुन्हा मांड्या ठोकल्या. मी दमेपर्यंत खेळलो. घरी आलो तेव्हा ढोपर फुटलं होतं, सदरा फाटला होता. कुंदा अंगणात ताक घुसळत होती. किती दिवसांनी तिने तो प्रश्न विचारला.

“मग? घेतला का कोणी चेंडू?”

“सगळ्यांनी!” मी इतक्या मोठ्याने म्हटलं की आतून वडील बाहेर आले. “एकूण एक सगळ्यांनी घेतला!”